नातेवाइकांकडे वाढणारी मुले आणि शासनाचे साहाय्य

आईबापांविना पोरक्या झालेल्या मुलास आजोळी किंवा चुलत्याच्या घरी नेऊन वाढविण्याची रीत आपल्या समाजात फार जुनी आहे. त्यासाठी कोणी कचेरीत जात नाही. तेराव्याच्या दिवशी वडीलधाऱ्यांत बोलणे होते आणि मूल मामाबरोबर निघते. पुढे मात्र शाळाप्रवेश, बँकेचे खाते, वडिलांच्या जमिनीवरील नोंद अशा गरजा उभ्या राहतात आणि ‘आपण या मुलाचे कोण?’ या प्रश्नास दाखविण्याजोगा कागद आजीजवळ नसतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. कायदेशीर पालकत्व ही एक गोष्ट, मुलाच्या संगोपनासाठी मिळणारे साहाय्य ही दुसरी. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यान्वये वडिलांच्या पश्चात आई ही नैसर्गिक पालक होय आणि केवळ पुनर्विवाहामुळे तिचा हा अधिकार जात नाही. आजीने दहा वर्षे सांभाळ केला तरी तेवढ्याने ती कायदेशीर पालक ठरत नाही. त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. मुलाच्या नावे शेत वा घर असेल तर हा खटाटोप अवश्य करावा. मात्र न्यायालयाने नेमलेल्या पालकासही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून ती मिळकत विकता किंवा गहाण टाकता येत नाही. हे बंधन पालकास जाचक वाटते, पण पाल्याचे हित त्यातच आहे.

साहाय्यासाठी न्यायालयाची पायरी चढण्याची गरज नाही. गुजरात राज्यात ‘पालक माता-पिता योजना’ आहे. आई व वडील दोघेही मृत्यू पावले असतील, अथवा वडील वारले असून आईने पुनर्विवाह केला असेल, तर अशा १८ वर्षांपर्यंतच्या मुलास सांभाळणाऱ्या नातेवाइकास दरमहा ३,००० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावयाचा असतो. मृत्यूचे दाखले सहसा मिळतात. अडते ते आईच्या पुनर्विवाहाच्या पुराव्यापाशी. विवाह दुसऱ्या गावी झालेला, त्याची नोंद नाही, आणि दोन घरांत बोलणे बंद. अशा वेळी तलाठ्याने व गावातील जाणत्या मंडळींनी मध्यस्थी केल्यास काम पुष्कळ सुकर होते.

या योजनेत पालकाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात २७,००० व शहरी भागात ३६,००० रुपयांहून अधिक असावे लागते. मुलाचा भार पेलण्याची ऐपत पाहावी हा त्यामागील हेतू असावा. परंतु अगदी निर्धन आजी त्यामुळे बाहेर राहते, हे दृष्टीआड करता येणार नाही. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ची अट याच्या अगदी उलट आहे. तेथे कुटुंबाचे उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांहून अधिक नसावे लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४५ मध्ये नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलांचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. तेव्हा एका योजनेत नकार मिळाला म्हणून अर्जदाराने घरी बसू नये, आणि अधिकाऱ्यानेही त्यास दुसरी वाट न दाखविता परत पाठवू नये.

मुलाला आधी बालगृहात ठेवले तरच मदत मिळते, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. ती निराधार आहे. मूल आप्तांच्याच घरी राहावे यासाठीच ही मदत आहे.

शिक्षकांकडे येथे विशेष काम येते. वर्गातील कोणते मूल आईबापांवाचून नातेवाइकांकडे राहते हे त्यांना सर्वांआधी कळते. पालक माता-पिता योजनेत मुलाचा अभ्यास चालू असल्याचा शाळेचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. आजीला लिहिता-वाचता येत नसेल तर मुख्याध्यापकांनी सत्र सुरू होताच तो स्वतः होऊन तयार करून द्यावा.