सासरचं मूळ गाव शोधताना

बोदलकसा, ता. तिरोडा, जि. गोंदिया

चि. सौ. ताईस,

पूर्वज कोकणातून मॉरिशसला गेले, एवढंच तुझ्या सासरी ठाऊक आहे, असं तू लिहिलंस. पण शोध कोकणातून सुरू करू नकोस. आधी मॉरिशसमधले कागद बघ.

गुलामगिरी संपत आली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी झाली. २ नोव्हेंबर १८३४ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर गेली. प्रत्येकाला क्रमांक असे. सासऱ्यांच्या आजोबा-पणजोबांचे जन्माचे, लग्नाचे दाखले काढत मागे जा आणि तो क्रमांक गाठ. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरं आहेत. नाव, वय, जहाज, अंगावरच्या खुणा अशा नोंदी त्यांत असतात. काहींचे फोटोही आहेत.

आडनावावर मात्र भिस्त ठेवू नकोस. तिथे कितीदा पूर्वजाचं पाळण्यातलं नावच घराण्याचं आडनाव झालं, तेही साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. त्यापेक्षा घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचार. कुलदैवत कोणतं, देवक काय, लग्नात हळदीआधी कुणाला मान देतात? गावाचं नाव विसरलं तरी हे टिकतं.

दप्तरात रत्नागिरी दिसलं तर लगेच आजच्या जिल्ह्यात धावू नकोस. सिंधुदुर्ग त्यातूनच १९८१ला वेगळा झाला. आपला गोंदियाही १९९९पर्यंत भंडाऱ्यातच होता. जातीच्या दाखल्यासाठी इकडे लोक कोतवाल बुकाची नक्कल काढतात, शाळेचं दाखल-खारीज चाळतात. तेच कोकणातही करावं लागेल. फक्त तिथले जुने कागद मोडी लिपीत असतील, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेव.

आणि एक. मजूर म्हणून गेलेल्या माणसाला वंशावळीत सरदार करू नकोस. जात, गाव, धंदा, जे निघेल ते तसंच लिही. मळ्यात उसाच्या सऱ्या ओढून त्यांनी घर उभं केलं, यात लपवण्यासारखं काय आहे? त्यांच्या बायकांची नावंही शोध. वंशावळी नेहमी त्यांनाच गाळतात.

सासूबाईंच्या आईंचं वय झालं आहे म्हणतेस. दप्तर कुठे जात नाही. आधी त्यांच्याजवळ बस, आणि हे याच आठवड्यात कर.

तुझा मामा