मृगापासून दिवाळीपर्यंत : पहिलीचें मूल पहिल्या सत्रांत काय शिकतें?

पाऊस पडूं लागला म्हणजे आपल्या खेड्यांत दोन कामांची धांदल उडते. एक पेरणीची व दुसरें मुलांस शाळेंत घालण्याचें. पेरणी झाल्यावर शेतकरी रोज बांधावर जाऊन कोंब वर आला कीं नाहीं हें पाहतो. परंतु सहा वर्षांचें मूल एकदां शाळेंत घातलें म्हणजे त्याच्या मनांत काय उगवत आहे हें पाहण्यास पुष्कळ आईबापांस सवड होत नाहीं. दिवाळीची सुटी लागली म्हणजे ते विचारतात, "आंकडे किती पाठ झाले? बाराखडी झाली काय?" मूल घडघडां म्हणून दाखवितें आणि घरच्यांचें समाधान होतें. हें समाधान कितपत खरें आहे, याचा विचार आजच्या पाठांत करावयाचा आहे.

राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत शाळा जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भांत उन्हामुळें त्याहून थोड्या उशिरां. तेथून दिवाळीच्या सुटीपर्यंतचा जो काळ, तें पहिलें सत्र. इ. स. २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याअन्वयें पहिली ते पांचवीच्या वर्गांत वर्षाकाठीं निदान २०० दिवस व ८०० तास अध्यापन झालें पाहिजे. म्हणजे शाळेच्या दिवशीं सरासरी ४ तास. राहिलेले २० तास मूल आपल्याजवळ असतें. यास्तव त्या ४ तासांत काय चालतें हें घरच्या माणसांस समजणें अगत्याचें आहे.

१. कान आणि जीभ

शाळेंत येणाऱ्या मुलाची पाटी कोरी असते, पण मन कोरें नसतें. आईच्या कडेवर, चुलीपुढें व गुरांमागें त्यानें शेंकडों शब्द मिळविलेले असतात. पहिल्या सत्राचा पहिला अभ्यास हा कीं, या शब्दांनिशीं मुलानें अनोळखी माणसांसमोर बोलावें. दुसरा बोलत असतां ऐकावें. ऐकलेली गोष्ट आधीं काय झालें, मग काय झालें, शेवटीं काय झालें, अशा क्रमानें सांगावी. आणि शब्दांतील आवाज वेगळे ओळखावे. 'कमळ', 'कणीस' व 'कपाट' या तिहींच्या आरंभीं एकच आवाज आहे, हें ज्याच्या कानास कळलें नाहीं, त्यानें 'क' कितीही वेळां गिरविला तरी तो त्याला नुसतें चित्रच राहतो.

येथें घरच्या बोलीचा प्रश्न येतो. आपलीं मुलें अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, भिल्ली, गोंडी अशा नाना बोली बोलत शाळेंत येतात. 'पानी' म्हणणाऱ्या मुलास वर्ग हंसला तर तें मूल मग तोंड उघडीत नाहीं. आणि जें बोलत नाहीं त्यास वाचावयास शिकविणें फार कठीण जातें. घरची बोली ही चूक नव्हे. ती पहिली पायरी होय. होईल तेथवर शिक्षण मातृभाषेंतून द्यावें असें कायद्यानेंही सांगितलें आहे. सुज्ञ शिक्षक मुलाचें 'पानी' ऐकून घेतो, स्वतः 'पाणी' म्हणतो आणि पुढें चालतो. ऐकून ऐकून मूल दोन्ही शिकतें.

२. अक्षर

आपल्या वर्णमालेची मांडणी मोठी शास्त्रशुद्ध आहे. 'क' कंठांत उमटतो व 'प' ओंठांवर. मधले वर्ग कंठाकडून ओंठांकडे येतात. परंतु जी मांडणी जाणत्यास शोभते ती शिकाऊ मुलास सोयीची असतेच असें नाहीं. म्हणून ग, म, भ, न या चार अक्षरांपासून आरंभ करण्याचा प्रघात आपल्याकडे पडला. या चारांच्या आकृतींत साम्य आहे, प्रत्येकास उभा दंड आहे, आणि हीं चार अक्षरें आलीं कीं 'मन', 'नभ', 'गगन', 'नमन' असे शब्द मुलास लागलीच वाचतां येतात. अक्षर शिकणें म्हणजे शब्द हातीं येणें, हा अनुभव त्यास पहिल्याच महिन्यांत मिळतो. आईबापांनीं मात्र "अजून क, ख, ग कां नाहीं?" म्हणून शिक्षकाशीं वाद घालूं नये.

पुढें काना, वेलांटी, उकार येतात, व तेथें खरी चढण लागते. 'कि' लिहितांना वेलांटी डोळ्यास अक्षराच्या आधीं दिसते, पण कानास 'क' आधीं ऐकूं येतो व 'इ' मागून. मूल येथें अडखळलें तर त्यास मठ्ठ म्हणूं नये. त्यानें नीट ऐकलें म्हणूनच तें अडखळलें.

आतां परीक्षा कशी करावी? बाराखडी सुरांत म्हणणारें मूल 'गम' हा दोन अक्षरांचा शब्द वाचूं शकेलच असें नाहीं. कारण सूर लक्षांत राहतो, अक्षर राहत नाहीं. शिकलेलीं अक्षरें क्रम मोडून दाखवावीं. त्याच अक्षरांचा, पूर्वीं न पाहिलेला एखादा शब्द जमिनीवर लिहून पुढें ठेवावा. तो शब्द मुलानें आपला आपण जुळविला, तर तें वाचावयास लागलें असें समजावें. मग त्यास पांचच अक्षरें येत असलीं तरी हरकत नाहीं.

३. संख्या

जी गोष्ट बाराखडीची तीच आंकड्यांची. पुष्कळ मुलें शंभरपर्यंत म्हणतात, पण "मला सात खडे दे" म्हटलें तर ओंजळभर आणून देतात. मोजण्यांत तीन वेगवेगळीं ज्ञानें आहेत. एका खड्यास एकच शब्द लावावयाचा, हें पहिलें. शेवटीं आलेला शब्द साऱ्या ढिगाची संख्या सांगतो, हें दुसरें. खडे दूर दूर मांडले तरी संख्या वाढत नाहीं, हें तिसरें. या तिसऱ्या गोष्टीचा शोध स्वित्झर्लंड देशांतील जाँ प्याजे (१८९६-१९८०) या विद्वानानें घेतला. त्यास असें आढळलें कीं, लहान मुलांस लांब पसरलेली ओळ अधिक वाटते, आणि सहासात वर्षांच्या सुमारास हा समज हळूहळू सुटूं लागतो. म्हणजे पहिलीचें मूल नेमकें त्या उंबऱ्यावर उभें असतें. अशा वेळीं त्याच्या हातीं चिंचोके व खडे द्यावे. केवळ पाढे देऊं नयेत.

एक ते नऊ व शून्य हीं पक्कीं झालीं म्हणजे दहा काड्यांची जुडी बांधावयास शिकवितात. ही जुडी फार मोलाची आहे. कारण मराठी संख्यांच्या नांवांत पुढें मोठा गुंता आहे. '२१' लिहितांना दोन आधीं, पण 'एकवीस' म्हणतांना एक आधीं. 'एकोणतीस' या नांवाचा अर्थ तिसास एक कमी, पण लिहावयाचे मात्र दोन व नऊ. बरें, हाच नियम शेवटपर्यंत टिकतो म्हणावें, तर 'नव्याण्णव' तेथें तो मोडतो. इ. स. २०१९ मध्यें दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत 'वीस एक' असें वाचन आलें, तेव्हां महाराष्ट्रभर मोठा वाद माजला. त्या वादांत कोणीही कोणताही पक्ष घेवो. ज्या मुलानें दोन जुड्या व एक सुटी काडी हातांत धरिली आहे, त्यास दोन्ही नांवें कळतात. ज्यानें जुडी बांधलीच नाहीं, त्यास दोन्हीही नुसते आवाज होत.

४. हात आणि पंगत

लिहिण्यापूर्वीं बोटांत बळ यावें लागतें. मातीचे बैल करणें, कणीक मळणें, फुलें ओंवणें, आडव्याउभ्या रेघा ओढणें, हा सर्व लेखनाचाच अभ्यास आहे. "मूल शाळेंत मातींत खेळतें" अशी तक्रार करणाऱ्यांनीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचें काम आठवावें. ताराबाईंनीं इ. स. १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र काढलें व १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. आदिवासी मुलें शाळेकडे येईनात, तेव्हां या बाईंनीं शाळाच पाड्यावरील अंगणांत नेली, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांत नेली. महागड्या साहित्याऐवजीं खडे, पानें, बिया व शंखशिंपले यांवर त्यांनीं मुलांस शिकविलें.

याच सत्रांत मूल आणखी एक धडा शिकतें, ज्याचें पुस्तक नाहीं. आपली पाळी येईपर्यंत थांबणें, जेवणापूर्वीं हात धुणें, दुसऱ्याची पेन्सिल परत देणें, आणि दुपारीं सर्वांबरोबर एका पंगतीस बसून खाणें. कोणाच्या शेजारीं कोण बसलें याची विचारपूस घरीं होऊं लागली, तर शाळेंत चार महिन्यांत शिकलेला हा धडा एका संध्याकाळीं पुसला जातो. म्हणून या बाबतींत आईबापांनीं आपली जीभ जपावी.

५. कोंब कोंवळा असतां

येथवर सांगितलेलें सर्व दिवाळीपर्यंत अर्धेंच झालेलें असतें. अक्षर व आवाज, खडा व शब्द यांची गांठ नुकती बसलेली असते. ती रोजच्या सरावानें घट्ट व्हावयाची असते. आणि नेमक्या याच वेळीं बीड व अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) यांसारख्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता घेऊन जाणें भाग असतें, आणि मूलही बरोबर जातें. कारखान्यांचा हंगाम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तोंवर फडाजवळच्या कोपींत तें धाकट्या भावंडास सांभाळीत बसतें. परत येतें तेव्हां परीक्षेचे दिवस आलेले असतात.

यांतील धोका लवकर दिसत नाहीं. पहिलीच्या मुलास कायद्यानें त्याच वर्गांत मागें ठेवितां येत नाहीं. तें जूनमध्यें दुसरीच्या वर्गांत बसतें, व घरच्यांस वाटतें कीं सर्व ठीक आहे. पुढील सत्रांत तोच प्रकार होतो. चौथीपर्यंत पोंचल्यावर कळतें कीं मुलास आपलें नांव लिहितां येतें, पण पत्र वाचतां येत नाहीं. मग तें शाळा सोडतें, आणि एक नवा कोयता तयार होतो. केंद्र सरकारनें ५ जुलै २०२१ रोजीं 'निपुण भारत' ही मोहीम काढली. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास समजून वाचतां यावें व संख्याज्ञान व्हावें, आणि हें २०२६-२७ पर्यंत साधावें, असा तिचा संकल्प आहे. संकल्प चांगलाच आहे. पण जें मूल वर्गांत नाहीं त्यास कोणता शिक्षक शिकवील?

६. करावयाचें काय?

पहिलें : होईल तर मूल गांवीं आजीआजोबांजवळ ठेवावें. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठीं शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिची चौकशी दसऱ्यापूर्वींच मुख्याध्यापकांजवळ करावी, गाडी जुंपल्यावर नव्हे.

दुसरें : मूल न्यावेंच लागलें, तर जेथें फड पडेल तेथील शाळेंत त्याचें नांव घालावें. वर्ष अर्धें झालें आहे, किंवा जुन्या शाळेचा दाखला अजून आला नाहीं, या सबबीवर त्यास प्रवेश नाकारतां येत नाहीं. हा उपकार नव्हे. हा मुलाचा हक्क आहे. कारखान्याच्या आसपास ज्या मंडळ्या आहेत त्यांतील शिकलेल्या बंधुभगिनींनीं फडावर जाऊन हें आईबापांस सांगावें, आणि पहिल्या दिवशीं त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जावें. अक्षरओळख नसलेल्या बापास शाळेचें फाटक फार उंच वाटतें.

तिसरें : कोठेंही असलां तरी रोज थोडा वेळ मुलास द्यावा. उसाच्या मोळ्या मोजावयास सांगाव्या. दहादहांचे गट करवावे. कोळशानें दगडावर चार अक्षरें लिहवावीं. दिवसभर काय पाहिलें तें क्रमानें सांगावयास लावावें. आईस वाचतां येत नसलें तरी यांतील पहिलें व तिसरें काम ती उत्तम करूं शकते.

शेवटीं, या दिवाळींत प्रत्येक घरीं पुढील पांच प्रश्नांनीं मुलाची पाहणी करावी, रागानें नव्हे तर मांडीवर घेऊन :

(१) ऐकलेली गोष्ट तें क्रमानें सांगतें काय?
(२) दोन शब्दांचा पहिला आवाज एकच आहे कीं वेगळा, हें त्यास कळतें काय?
(३) शिकलेल्या अक्षरांचा नवा शब्द तें जुळवितें काय?
(४) सात खडे मागितले तर सातच देतें काय, व ते पसरले तरी सातच म्हणतें काय?
(५) आपली पाळी येईपर्यंत तें थांबतें काय?

जेथें उत्तर 'नाहीं' येईल तेथें मुलास मारूं नये व दुसऱ्या मुलाशीं त्याची तुलना करूं नये. तें उत्तर शिक्षकास जाऊन सांगावें. आणि जेथें उत्तर 'होय' येईल तेथें निश्चिंत बसूं नये. उगवलेल्या कोंबास दुसऱ्या पावसाची गरज असते. पहिल्या सत्राचें पीक दुसऱ्या सत्रांतच पदरीं पडतें. यास्तव दिवाळीनंतर शाळेची घंटा वाजेल त्या दिवशीं आपलें मूल वर्गांत बसलेलें असावें, एवढें प्रत्येक घरानें आजच ठरवावें.