खरेदीच्या सहीआधी

पोरी, सरपंच झालीस. आता खरेदीच्या कागदांवर तुझी सही लागणार. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात माझा जन्म गेला, त्यातल्या चार गोष्टी गाठीला बांध.

किंमत 20 वर्षांची मांड. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरख्याला 1 लाखाचं बक्षीस लावलं. अटी अशा : किंमत 150 रुपयांच्या आत, 20 वर्षं चालावा, आणि झिजलेल्या भागांवर वर्षाला किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त खर्च नको. इतक्या कडक अटींतही 20 वर्षांत आणखी एका चरख्याचे पैसे धरलेच होते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जाशील, तेव्हा चरख्याचा कोणता भाग आपला सुतार घडवू शकेल, ते बघ.

सुटा भाग कोण देणार, ते आधी विचार. इंडिया मार्क टू हातपंपावर कोणाचं पेटंट नाही. साखळी, बेअरिंग, वायसर कोणत्याही कारखान्याचे बसतात. आर.ओ. मशीन घेताना हेच विचार. मेम्ब्रेन बाजारातल्या मापाचं आहे का? कंट्रोलरचा पासवर्ड ग्रामपंचायतीला मिळेल का? तोंडी 'हो' ऐकून घेऊ नकोस, निविदेत लिहून घे.

अशी पेटंट नसलेली, खुली रचना म्हणजे फुकटचा कारभार नव्हे. कोणीही बनवू लागलं की हलका मालही येतो. म्हणून तर मार्क टूला आयएस 9301 हे मानक लागलं आणि माल निघण्याआधी तपासणी लागली. तपासणी, कपाटातले सुटे भाग आणि शिकलेला मेकॅनिक यांचा खर्च तुलाच करायचा आहे. गावात मेकॅनिक नसेल आणि एखादी कंपनी तालुक्याला माणूस ठेवून लेखी सेवा देत असेल, तर सुटे भाग फक्त तिच्याकडेच मिळणारं यंत्रही परवडू शकतं. मात्र करार संपल्यावरचे दर आजच ठरवून घे.

महाग दिसतं ते नीट तपास. इंडिया मार्क थ्री हातपंपाचा 65 मिलिमीटरचा पाइप घेताना महाग पडतो. पण वायसर गेला तर पिस्टन वरूनच निघतो. मार्क टूसारखे सगळे पाइप उपसावे लागत नाहीत. तोच पाइप गळू लागला, तर मात्र त्याचं वजन जिवावर येतं. म्हणून बोअरची खोली पाहूनच निवड कर.

प्रत्येक निविदेवर खरेदी, देखभाल आणि बंद पडल्यास बदलण्याचा खर्च असे तीन आकडे लिही. त्यांची बेरीज ग्रामसभेत वाचून दाखव, मगच सही कर.