दोन हजार फोटोंसाठी शेल स्क्रिप्ट पुरते का?

अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपली की मंडळाच्या लॅपटॉपवर दहा दिवसांचे फोटो साठलेले असतात. धरा २,०००. अहवाल, देणगीदार, व्हॉट्सॲप, सगळीकडे ते लहान करून हवेत. हाताने एका फोटोला एक मिनिट धरलं तरी ३३ तास जातात. मग ओळखीतला कुणी आयटीवाला गाठला जातो आणि तो विचारतो, शेल स्क्रिप्ट करू की पायथॉनमध्ये रीतसर प्रोग्राम लिहू?

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. शेलमधून चालणारं इमेजमॅजिक आणि पायथॉनची पिलो लायब्ररी, दोन्ही मोफत. तुम्ही मोजता ते माणसाचे तास.

सगळ्या फोटोंना एकच नियम असेल (लांब बाजू १६०० पिक्सेल, आडवे पडलेले उभे करा), तर शेलच घ्या. चार-पाच ओळींचं काम आहे. त्यासाठी कुणी क्लास-ऑब्जेक्टची रचना मांडून दोन दिवसांचे पैसे सांगितले तर देऊ नका. मात्र इमेजमॅजिकची ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा वेगळा फोल्डर सांगितला नाही, तर मूळ फाइलवरच लिहिते. आधी प्रत काढा. गेलेले फोटो कुठल्याच भावात परत मिळत नाहीत. आणि फाइलचं ‘दिवस १ आरती’ असं नाव अवतरणचिन्हांत घातलं नाही, तर शेल त्याचे तीन तुकडे करतं.

फोटोगणिक नियम बदलायला लागले की पायथॉनचा खर्च वसूल होतो. छपाईला ४ बाय ६ इंच, म्हणजे ३०० डीपीआयने १२०० बाय १८०० पिक्सेल. देणगीदाराच्या प्रतीवर त्याचं नाव, तेही एक्सेलमधून. शेलमध्ये हे ‘जर-तर’ इतकं वाढतं की वर्षाने लिहिणाऱ्यालाच उलगडत नाही. पायथॉनमध्ये फोटो हा ऑब्जेक्ट आणि छपाईप्रत, व्हॉट्सॲपप्रत हे त्याचे प्रकार, अशी मांडणी असली की नवा नियम एकाच जागी लिहावा लागतो.

फोटोवर मराठी मजकूर हवा असेल तर आधी ‘मिरवणूक’ हा शब्द उमटवून दाखवायला सांगा. अक्षरजुळणीची ‘राक्म’ लायब्ररी जोडलेली नसेल, तर ‘मि’ची वेलांटी ‘म’च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. हे इमेजमॅजिक आणि पिलो, दोन्हीकडे होतं. मंडळाचं नाव सगळ्या फोटोंवर सारखंच असेल, तर त्याची पारदर्शक पट्टी एकदाच बनवून चिकटवणं सर्वांत स्वस्त.

सुरुवातीला २० फोटोच द्या. त्यात एक उभा काढलेला आणि एक नावात मोकळी जागा असलेला हवाच. स्क्रिप्ट आणि ती चालवायची कृती मराठीत लिहून घेतल्याशिवाय हिशेब चुकता करू नका. पुढच्या गणपतीत ती लिहिणारा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेलेला असू शकतो.