तिथी बघून पळ

दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरी-मालवण करणार आणि पळणंही चुकवणार नाही म्हणतोस, तर ऐक. इथं हातकणंगल्यात तू पहाटे पाचच्या गजराला उठून सांगली रस्त्यानं सुटतोस. समुद्रावर गजर उपयोगाचा नाही, कॅलेंडरातली तिथी बघायची.

हिशेब जुना आहे. शुद्ध असो वा वद्य, तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी पळायच्या वेळेलाच पाणी काठाला टेकलेलं, आणि तुझ्या वाट्याला नुसती भुसभुशीत वाळू. त्या दिवशी सरळ सुरूच्या बनाकडेनं, नाहीतर गावातल्या रस्त्यानं पळ. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला, म्हणून सहाला ओहोटी. तीही उधाणाची, पाणी पार लांब गेलेलं. हा हिशेब मुंबईकडचा. रत्नागिरी-मालवणला भरती थोडी अलीकडं धर. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, तेव्हा पाडवा-भाऊबीजेच्या सकाळी तुझी चैन आहे. पुढं भरती रोज पाऊण तासाच्या वर सरकत जाते. पक्की वेळ हवी तर लॉजवाल्याला विचारू नकोस, होडीवाल्याला विचार.

वाळू पायाला कळते. पाऊल टाकलं की भोवतीची ओली वाळू क्षणभर पांढरट, कोरडी दिसली, तर ती घट्ट आहे, तिच्यावरून पळ. टाच रुतायला लागली की चाल. आपल्या रस्त्याला सवकलेल्या पोटऱ्या मऊ वाळूत दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. किनारा समुद्राकडं कललेला असतो, म्हणून एक पाय सतत खाली पडतो. ज्या पट्ट्यानं गेलास त्याच पट्ट्यानं परत ये, म्हणजे दोन्ही पायांची वाटणी सारखी होते. अनवाणी पळायची हौस असली तर थोडंच. शिंपले असतात, जाळ्याचे तुकडे असतात, कधी गळही असतो.

भाट्यासारख्या ठिकाणी खाडीचं तोंड लागतं. ओहोटीला तिथं गुडघाभर पाणी दिसतं आणि पलीकडं जावंसं वाटतं. जायचं नाही. पाणी फिरलं की परतीची वाट बंद. पळून अंग तापलं म्हणून समुद्रात बुडी मारायची तर मुळीच नाही. गणपतीपुळ्याला पाटी लावलीय ती शोभेला नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडं सकाळी रापण ओढत असतात. पाण्यातून वर आलेला लांबलचक दोर माणसं कमरेला रेटा देत खेचतात. त्यावरून उडी मारून जाऊ नकोस. थांब, जमलं तर हात लाव. व्यायाम तोही आहेच.

पहिल्या दिवशी पळूच नकोस. मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत गाडीत आखडलेले पाय संध्याकाळी नुसते चालव. दुसऱ्या दिवशीही इथल्या वेगाची अपेक्षा ठेवू नकोस. आपल्याकडं घाम सुकतो म्हणून अंग गार होतं. तिथल्या दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता गळतो. घड्याळ जास्त वेळ दाखवेल, दाखवू दे. मांड्यांना खोबरेल लाव. परत आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत घे. सोलकढी मात्र जेवणात. तांबडा रस्सा पचवणारी पोटं नारळाच्या दुधानं बसलेली मी बघितलीत.

आरे-वाऱ्याचा रस्ता बघून तिथं पळावंसं वाटेलच. वळणं आंधळी आणि चढ उभे आहेत. पळालासच तर उजव्या अंगानं, समोरची गाडी दिसेल असा, कानात काही न घालता. फोटो काढायला वळणावर थांबणाऱ्या गाड्यांचा मला ट्रकपेक्षा जास्त धाक वाटतो.

आणि बूट गोड्या पाण्यानं धुऊन, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळव. ओलेच डिकीत टाकलेस, तर आंबा घाट चढताना तुझी काकू तुझ्यासकट त्यांना खाली उतरवेल.