मॉरिशसमध्ये गोल्फ: बिल कुठे फुगतं?

हॉटेल बुक करण्याआधी एक मेल टाका: खोलीच्या भाड्यात ग्रीन फी धरली आहे का? मोठ्या कोर्सशी जोडलेली रिसॉर्ट्स पाहुण्यांना ती बऱ्याचदा माफ करतात किंवा सवलतीत देतात. बाहेरून येणाऱ्याला मात्र नामवंत कोर्सवर १८ होलच्या एका फेरीला ढोबळमानाने १०० ते २०० युरो पडतात. आठवड्यात तीन फेऱ्या मारणार असाल, तर महागडी खोलीच स्वस्त पडू शकते. हौसेची एकच फेरी असेल, तर साधं हॉटेल घ्या आणि फी मोजून मोकळे व्हा.

'फ्री गोल्फ' वाचून लगेच हुरळून जाऊ नका. बग्गीचे पैसे वेगळे आहेत का, ती सक्तीची आहे का आणि सांगितलेल्या दरात १५ टक्के व्हॅट धरलाय का, हे तिन्ही लेखी विचारून घ्या.

चेंडूंचा खर्च कुणीच धरत नाही. पूर्व किनाऱ्याजवळच्या इल-ओ-सेर्फ बेटावर बर्नहार्ड लँगरने आखलेला पार ७२ चा कोर्स आहे. होडीने जायचं. फेअरवेच्या कडेला तळी, खारफुटी आणि ज्वालामुखीचे काळे दगड. चेंडू दगडावर टक्कन आपटतो, वर उडतो आणि पाण्यात डुबुक. तो शोधायला वाकूसुद्धा नका. निघतानाच दोन डझन जुने चेंडू बॅगेत टाका. रिसॉर्टच्या दुकानातले नवेकोरे चेंडू तिथल्या तळ्यात घालवण्यात काय हशील?

स्वतःच्या स्टिका न्यायच्या, तर भरलेली बॅग १२-१५ किलोंची होते. जाता-येता जादा सामानाचा आकार किती, ते विमान कंपनीला विचारा आणि त्याची भाड्याच्या सेटशी तुलना करा. एक-दोन फेऱ्यांसाठी भाड्याचाच सेट बरा. डावखुऱ्यांनी तो आधी सांगून ठेवावा.

दुपारनंतरचा टी-टाइम काही ठिकाणी स्वस्त मिळतो. पण जूनमध्ये तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि फेरीला सव्वाचार तास सहज जातात. दीडनंतर सुरुवात केलीत, तर शेवटचे होल अंधारात सोडून यावे लागतील. त्या दिवसांत आग्नेयेचा वाराही जोरात असतो, म्हणजे चेंडू आणखी जाणार!

भाद्रपदात जाणार असाल, तर गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या मराठी मंडळींचे गणपती विसर्जनासाठी समुद्राकडे निघतात, तेव्हा रस्त्यात अडकायला होतं. त्या दिवशी टी-टाइम घेऊ नका. मिरवणूक बघायला पैसे पडत नाहीत.