चौथी चौकट रिकामी का?

या भित्तिपत्रकावर मी फोटोंसाठी चार चौकटी आखल्या आहेत. तीन चौकटींत फोटो चिकटवले आहेत आणि चौथी रिकामी आहे. पालकसभेच्या दिवशी मी फोटो चिकटवत होते, तेव्हा दोघातिघांनी विचारले, "काय गं, एक फोटो हरवला काय?" फोटो हरवलेला नाही. तो काढलाच गेला नाही. तो का काढला गेला नाही, ते या लेखात लिहिले आहे.

गेल्या जुलै महिन्यात माझे आजोबा आणि आत्या लडाखला जाऊन आले. आजोबांचे वय अडुसष्ट. ते फौजेत होते, आणि १९८२ साली त्यांची नेमणूक लडाखमध्ये होती. त्यांच्या पेटीत त्या वेळचा एक काळापांढरा फोटो आहे. खारदुंग ला नावाच्या खिंडीत ते ट्रकला टेकून उभे आहेत आणि मागे सगळा बर्फ आहे. ('ला' म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड.) आत्या पुण्याला नोकरी करते. तिला फोटो काढायचा भारी नाद आहे. स्वतःच्या पगारातून तिने मोठा कॅमेरा घेतला आहे. आजोबांना त्याच खिंडीत पुन्हा उभे करून तसाच फोटो काढायचा, असे दोघांनी ठरवले. मी काही गेले नव्हते. पण फोटो बघून, दोघांना विचारून आणि गुरुजींकडून समजून घेऊन लिहिते आहे.

पहिला फोटो लेह गावाचा आहे. मागचे डोंगर बघा. झाड नाही, गवत नाही, नुसती माती आणि दगड. पण खाली गावात मात्र हिरवी झाडे आणि शेते दिसतात. हा फोटो जुलैमधला आहे, म्हणजे आपल्याकडे महाबळेश्वरला पाऊस कोसळत असतो तेव्हाचा. लेहला सबंध वर्षात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पाणी पडते. आपल्या माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडते, तरी आपण दुष्काळी म्हणवतो! कारण मात्र दोन्हीकडे एकच आहे. सह्याद्री ढग अडवतो, पाऊस पलीकडे महाबळेश्वरला पडतो आणि आपण पर्जन्यछायेत राहतो. तसेच हिमालय ढग अडवतो आणि लडाख त्याच्या छायेत राहतो. मग गावात हिरवे कसे? तर डोंगरावरचे बर्फ वितळते, ते पाणी लोक पाटाने शेतात आणतात. जिथवर पाट तिथवर हिरवे. फोटोत ती रेघ अगदी स्पष्ट दिसते.

दुसऱ्या फोटोत आजोबा हातात चिवड्याचे पाकीट घेऊन बसले आहेत. पाकीट बघा, फुग्यासारखे टम्म फुगले आहे. आणि आजोबांचे तोंड टोपीखाली काळेकुट्ट आले आहे. हा फोटो बिघडला म्हणून आत्या देत नव्हती. मी मागून घेतला, कारण यात शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, पण ते १६४६ मीटर. म्हणजे लेहचा बाजारच कळसूबाईच्या दुपटीहून उंच जागी भरतो. गुरुजींनी आम्हांला गोधड्यांच्या थप्पीचे उदाहरण दिले. थप्पीतली तळची गोधडी वरच्या सगळ्यांच्या वजनाने दाबली जाते आणि वरची मोकळी, फुसफुशीत राहते. हवेचेही तसेच. आपण तळच्या गोधडीत राहतो. वर जावे तशी हवा विरळ होते. पुण्याला बंद केलेल्या पाकिटात पुण्याची दाबलेली हवा होती. लेहला बाहेरचा दाब कमी झाला, म्हणून ती आतून पसरली आणि पाकीट फुगले. हवेतला प्राणवायूचा वाटा तिथेही शंभरात एकवीसच असतो. पण हवाच कमी, म्हणून एका श्वासात प्राणवायू कमी येतो. लेहला समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश आणि खारदुंग लावर जेमतेम निम्मा.

आता काळ्या तोंडाचे. हवा विरळ आणि कोरडी, त्यात धूळ थोडी, त्यामुळे तिकडे ऊन फार प्रखर पडते. आपल्याकडे हवा आणि धूळ उजेड इकडेतिकडे उधळतात, तो सावलीतही थोडा पोचतो. तिकडे उधळणारे कमी. म्हणून आकाश गडद निळे दिसते आणि सावली काळी होते. आत्याने दुपारी बाराला फोटो काढला, त्यात आजोबांची टोपी उजळली आणि तोंड बुडाले. त्यानंतर ती सकाळी आणि संध्याकाळीच फोटो काढू लागली. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी ती स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवायची. आजोबा म्हणाले, आमच्या वेळी वरण शिजता शिजायचे नाही. तेही त्याच कारणाने. लेहला पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते.

आता मुख्य गोष्ट. ते दोघे दिल्लीहून विमानाने लेहला गेले. सव्वा तासाचा प्रवास. म्हणजे तळच्या गोधडीतून एकदम वरच्या गोधडीत. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. फौजेत नवीन जवानाला ९००० ते १२००० फुटांवर सहा दिवस ठेवतात, त्यानंतर १५००० फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस, असे टप्पे असतात. आजोबांना हे तोंडपाठ आहे. पण आत्याला रजा होती एकूण आठ दिवसांची. दोन दिवस विश्रांती घेतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी करून दोघे खारदुंग लाकडे निघाले.

लेहपासून २४ किलोमीटरवर साऊथ पुल्लू नावाचे तपासणी ठाणे आहे. उंची सुमारे ४६०० मीटर. तिथे आजोबा गाडीतून उतरले आणि त्यांचा तोल गेला. डोके तर सकाळपासूनच दुखत होते, पण ते बोलले नव्हते. मग उलटी झाली. आत्याकडे बोटाला लावायचे यंत्र होते, करोनात आपण सर्वांनी पाहिले तसले. लेहला त्यावर ८८ आकडा येत होता, इथे ७१ आला. खिंड अजून पंधरा-सोळा किलोमीटर राहिली होती. आजोबा म्हणाले, "मला काय बी हुत न्हाय. ह्याच रस्त्यानं टरकातनं गेलोय मी. चल फुडं."

आत्या म्हणाली, "आबा, तेव्हा तुम्ही पंचवीस वर्षांचे होता. आणि तुम्हांला दोन आठवडे थांबवून मग वर सोडलं होतं. आता आपण परत फिरायचं."

आजोबा तिच्यावर फार चिडले. "एवढा खर्च करून आलो आन् तोंडातला घास सोडायचा?" असे म्हणाले. आत्याने ऐकले नाही. ड्रायव्हरदादांनीही गाडी वळवली. ते म्हणाले की डोके दुखत असताना वर चढायचे नाही, हा इथला नियम आहे, आणि चालताना तोल जाऊ लागला तर एक मिनिटही थांबायचे नाही. अशा वेळी मेंदूला सूज येऊ शकते, नाहीतर फुप्फुसात पाणी भरू शकते, आणि माणूस दगावतो. गोळ्या असतात, प्राणवायूची नळकांडी असतात, पण खरा उपाय खाली उतरणे हाच. लेहच्या दवाखान्यात आजोबांना रात्रभर प्राणवायू लावला. सकाळी त्यांनी चहा मागितला, तेव्हा आत्याला रडू आले, असे तिनेच मला सांगितले. ती म्हणते, चूक माझी. मी रजेचा हिशेब केला, उंचीचा केला नाही.

आजोबा म्हणतात, चूक माझी. डोकं दुखतंय हे सकाळीच सांगायला हवं होतं. मला वाटते दोघांचेही खरे आहे.

खारदुंग लाची उंची ५३५९ मीटर, म्हणजे १७५८२ फूट. पूर्वी तिथल्या पाटीवर १८३८० फूट असे लिहिलेले असायचे आणि हा जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता असे लोक सांगायचे. पुढे नीट मोजल्यावर उंची कमी भरली. आता लडाखमध्येच त्याहून उंच रस्ते झाले आहेत. उमलिंग लाचा रस्ता १९०२४ फुटांवर आहे. आजोबांना हे सांगितले तर ते म्हणाले, "आसंल. माझा फोटू खारदुंगचाच हाय."

तिसरा फोटो त्यानंतर तीन दिवसांनी काढलेला आहे. दवाखान्यातून सुटल्यावर ते वर गेलेच नाहीत, उलट सिंधू नदीच्या कडेने खाली निमूला गेले. तिथे सिंधूला झंस्कार नदी मिळते. फोटोत दोन रंग दिसतात पाहा. गढूळ पाणी झंस्कारचे आणि हिरवट पाणी सिंधूचे. बर्फ वितळताना डोंगराची माती घेऊन येते ती झंस्कार. थोडे अंतर दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहते, मग मिसळते. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. काठावर आजोबा उभे आहेत, आणि या वेळी तोंड उजळ आले आहे. आत्याने सायंकाळी पाचला काढला.

आजोबा म्हणाले, चौथ्या चौकटीत माझा जुना फोटो लाव. पण डिंकाने तो खराब झाला असता, म्हणून लावला नाही. ज्यांना पाहायचा आहे त्यांनी आमच्या घरी यावे, आजोबा पेटी उघडून दाखवतात. (चहाही मिळेल, पण गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागेल.)

भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर प्लास्टिकची एक चेपलेली बाटली ठेवली आहे. ती कुणी पायाखाली चेपलेली नाही. आत्याने ती लेहला रिकामी करून झाकण घट्ट लावले होते. आत लेहची विरळ हवा आहे आणि बाहेर आपल्या गावची. पाहून झाल्यावर जागेवर ठेवावी. झाकण मात्र कोणी उघडू नये, सातवीच्या मुलांनीसुद्धा.